एकाच समाक्ष केबलमधून डिश व अँटेना यांच्या संकेतांचे वहन : तत्त्व, मांडणी आणि मर्यादा

प्रस्तावना

दूरचित्रवाणीचे कार्यक्रम घरापर्यंत पोहोचविण्याचे दोन मार्ग आकाशातून येतात. पहिला मार्ग जमिनीवरील मनोऱ्यावरून होणाऱ्या प्रक्षेपणाचा असून त्यासाठी छतावर धातूच्या दांड्यांचा अँटेना उभारावा लागतो. दुसरा मार्ग विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असणाऱ्या भूस्थिर उपग्रहाचा असून त्यासाठी डिश बसवावी लागते. ज्या घरी हे दोन्ही मार्ग वापरले जातात, तेथे छतापासून दूरचित्रवाणी संचापर्यंत दोन स्वतंत्र केबली ओढाव्यात, असे सामान्यतः मानले जाते. तथापि भिंतीतील नळी अरुंद असते, जुन्या इमारतीत नवीन छिद्र पाडण्यास मनाई असते, किंवा पूर्वी घातलेली एकच केबल उपलब्ध असते. अशा वेळी दोन्ही संकेत एकाच समाक्ष केबलमधून, म्हणजेच कोॲक्सिअल केबलमधून आणता येतील काय, हा प्रश्न निर्माण होतो.

या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. परंतु त्यास काही अटी आहेत. या अटी समजून न घेता केवळ दोन तारा एकत्र जोडल्यास दोन्ही चित्रे नाहीशी होण्याची, तसेच डिशच्या बॉक्सवर अनावश्यक भार येण्याची शक्यता असते. सदर लेखात या मांडणीमागील शास्त्रीय तत्त्व, तिच्यातील घटक, केबलमधील क्षीणनाचा हिशोब, संभाव्य दोष आणि मर्यादा यांचे विवेचन केले आहे. केबलमधून दोन संकेतांबरोबरच विद्युत् प्रवाह हा तिसरा घटकही वाहत असतो आणि बहुतेक अपयशांचे मूळ त्याच्याकडे झालेल्या दुर्लक्षात असते, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

१. दोन संकेत आणि त्यांचे वारंवारता पट्टे

एकाच तारेतून अनेक संकेत वाहू शकतात, कारण प्रत्येक संकेताची वारंवारता निराळी असते. रेडिओची सुई फिरवून हवे ते केंद्र निवडता येते, यामागेही हेच तत्त्व आहे. केबलमध्ये संकेत एकमेकांवर आदळत नाहीत. ते फक्त एकमेकांच्या पट्ट्यात शिरता कामा नयेत.

जमिनीवरील दूरचित्रवाणी प्रक्षेपणासाठी परंपरेने सुमारे ४७ ते ८६२ मेगाहर्ट्झ या मर्यादेतील पट्टे वापरले गेले. एफ.एम. रेडिओचा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ हा पट्टाही याच मर्यादेत येतो. उपग्रहाकडून येणारा केयू पट्ट्यातील संकेत मात्र १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झ इतक्या उच्च वारंवारतेचा असतो. एवढ्या वारंवारतेचा संकेत साध्या केबलमधून काही मीटर नेला तरी अतिशय क्षीण होतो. म्हणून डिशच्या केंद्राशी बसविलेले एलएनबी हे उपकरण त्याचे प्रवर्धन करते आणि त्याची वारंवारता खाली आणते.

ही क्रिया वजाबाकीची आहे. एलएनबीमध्ये एक स्थानिक आंदोलक असतो. सार्वत्रिक प्रकारच्या एलएनबीमध्ये खालच्या उपपट्ट्यासाठी त्याची वारंवारता ९.७५ गिगाहर्ट्झ, तर वरच्या उपपट्ट्यासाठी १०.६ गिगाहर्ट्झ असते. उदाहरणार्थ, ११,०९० मेगाहर्ट्झचा संकेत आल्यास त्यातून ९,७५० वजा होऊन केबलमध्ये १,३४० मेगाहर्ट्झचा संकेत उतरतो. अशा रीतीने उपग्रहाचे सर्व संकेत केबलमध्ये ९५० ते २,१५० मेगाहर्ट्झ या मर्यादेत येतात.

अँटेनाचा संकेत ८६२ मेगाहर्ट्झपाशी संपतो आणि डिशचा संकेत ९५० मेगाहर्ट्झपासून सुरू होतो. या दोहोंमध्ये ८८ मेगाहर्ट्झचे अंतर मोकळे राहते. एका केबलची संपूर्ण योजना या अंतरावर उभी आहे.

२. डिप्लेक्सरची रचना व कार्य

दोन पट्टे एकत्र करणाऱ्या आणि पुन्हा वेगळे करणाऱ्या लहानशा उपकरणास डिप्लेक्सर म्हणतात. त्यास तीन तोंडे असतात : एक अँटेनासाठी, एक डिशसाठी आणि एक सामायिक. अँटेनाच्या बाजूस केवळ खालच्या वारंवारता पुढे जाऊ देणारी गाळणी असते, तर डिशच्या बाजूस केवळ वरच्या वारंवारता पुढे जाऊ देणारी गाळणी असते. या गाळण्या वेटोळी व धारित्रे यांच्या जुळणीतून तयार होतात. त्यांना चालविण्यासाठी वेगळ्या विजेची आवश्यकता नसते.

संपूर्ण मांडणीत दोन डिप्लेक्सर लागतात. पहिला छताजवळ बसवून त्यात डिश व अँटेना यांच्या तारा जोडल्या जातात आणि सामायिक तोंडातून एक केबल खाली आणली जाते. दुसरा संचाजवळ उलट दिशेने बसविला जातो. त्याच्या सामायिक तोंडात खाली आलेली केबल जोडतात; डिशचे तोंड सेट-टॉप बॉक्सला आणि अँटेनाचे तोंड संचाच्या अँटेना खाचेस जोडतात. तेच उपकरण एका टोकास संकेत एकत्र करते आणि दुसऱ्या टोकास त्यांची विभागणी करते.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. बाजारात स्वस्तात मिळणारा स्प्लिटर हा डिप्लेक्सरचा पर्याय नव्हे. स्प्लिटर वारंवारतेचा विचार न करता संकेताची शक्ती दोन भागांत वाटतो. त्यामुळे प्रत्येक भागात साधारण ३.५ ते ४ डेसिबलची घट होते. डिप्लेक्सरमध्ये ही घट सामान्यतः १ ते २ डेसिबल इतकीच असते, कारण तेथे संकेत वाटला न जाता संपूर्णपणे आपापल्या मार्गाने वळविला जातो. शिवाय केबल टीव्हीसाठी बनविलेले अनेक स्प्लिटर १,००० मेगाहर्ट्झच्या वर उपयोगी ठरत नाहीत. यापेक्षाही गंभीर अडचण विद्युत् प्रवाहाची आहे.

३. केबलमधील तिसरा घटक : विद्युत् प्रवाह

अँटेना हा निष्क्रिय घटक आहे. त्यास वीज लागत नाही. एलएनबी मात्र विजेवर चालतो आणि ती वीज त्याच केबलमधून सेट-टॉप बॉक्सकडून वर पाठविली जाते. म्हणजेच चित्र खाली येत असते आणि त्याच तारेतून एकदिश प्रवाह वर जात असतो.

हा प्रवाह एलएनबीस शक्ती पुरविण्याबरोबरच आज्ञाही देतो. १३ व्होल्ट दाब दिल्यास एलएनबी उभ्या ध्रुवणाचे संकेत निवडतो, तर १८ व्होल्ट दिल्यास आडव्या ध्रुवणाचे संकेत निवडतो. या दाबावर २२ किलोहर्ट्झचा सूक्ष्म स्वर चढविल्यास तो वरच्या उपपट्ट्याकडे वळतो आणि स्वर नसल्यास खालच्या उपपट्ट्यावर राहतो. दोन दाब व स्वराच्या दोन अवस्था मिळून चार आज्ञा होतात आणि त्या चार आज्ञांनी उपग्रहाचा संपूर्ण पट्टा चार भागांत निवडला जातो.

यावरून डिप्लेक्सरवर पडणारी दुहेरी जबाबदारी स्पष्ट होते. डिशच्या बाजूने त्याने प्रवाह व २२ किलोहर्ट्झचा स्वर विनाअडथळा जाऊ दिला पाहिजे आणि अँटेनाच्या बाजूस तो प्रवाह पूर्णपणे अडविला पाहिजे. अनेक अँटेनांमधील दुमडलेला द्विध्रुव हा एकदिश प्रवाहाच्या दृष्टीने बंद वळसा असतो. अँटेनाच्या पेटीतील संरोध जुळविणारे रोहित्रही बहुधा असाच सरळ मार्ग देते. प्रवाह तेथे पोहोचल्यास लघुपरिपथ होतो आणि सेट-टॉप बॉक्स आपले संरक्षण करण्यासाठी वीजपुरवठा थांबवितो. पडद्यावर संकेत नसल्याची सूचना दिसते आणि दोष डिशच्या दिशेत शोधला जातो. वास्तविक दोष जोडणीत असतो.

अँटेनाजवळ प्रवर्धक बसविलेला असल्यास प्रश्न आणखी नाजूक होतो. त्या प्रवर्धकासही केबलमधूनच वीज द्यावी लागते. त्याचा दाब सामान्यतः ठरावीक असतो, तर डिशकडे जाणारा दाब सतत १३ व १८ यांच्यामध्ये बदलत असतो. अशा वेळी दोन्ही दाबांवर चालणारा प्रवर्धक आणि दोन्ही बाजूंनी प्रवाह जाऊ देणारा विशिष्ट डिप्लेक्सर निवडणे, किंवा प्रवर्धकास छतावरच स्वतंत्र वीज देणे, हे दोन मार्ग उरतात.

४. क्षीणन व दाबघट यांचा हिशोब

केबलमधून जाताना संकेत क्षीण होतो आणि वारंवारता जितकी अधिक तितके क्षीणन अधिक होते. आरजी-६ या प्रचलित, ७५ ओहम संरोधाच्या केबलमध्ये १०० मीटर लांबीस ५५ मेगाहर्ट्झवर सुमारे ५ डेसिबल, ५५० मेगाहर्ट्झवर सुमारे १६, १,००० मेगाहर्ट्झवर सुमारे २१ आणि २,१५० मेगाहर्ट्झवर सुमारे ३२ डेसिबल क्षीणन होते. ३ डेसिबल घट म्हणजे शक्ती निम्मी आणि १० डेसिबल घट म्हणजे शक्ती एक दशांश, हे येथे लक्षात घ्यावे.

छतापासून संचापर्यंत ३० मीटर केबल आहे असे मानू. २,१५० मेगाहर्ट्झवर केबलमध्ये जवळपास १० डेसिबल घट होईल. दोन डिप्लेक्सरची प्रत्येकी १.५ डेसिबल धरल्यास एकूण घट १३ डेसिबलच्या आसपास जाईल. हा आकडा मोठा वाटला तरी चिंतेचा नाही. एलएनबी संकेताचे ५० ते ६० डेसिबल प्रवर्धन करूनच तो खाली पाठवितो आणि सेट-टॉप बॉक्स बऱ्याच मोठ्या मर्यादेतील संकेत स्वीकारू शकतो. अँटेनाच्या संकेताची स्थिती निराळी आहे. ५५० मेगाहर्ट्झवर त्याची घट केबलमध्ये ५ व डिप्लेक्सरमध्ये ३ मिळून ८ डेसिबलच होते, परंतु तो मुळातच दुर्बल असू शकतो. प्रक्षेपण मनोरा दूर असल्यास प्रवर्धक अँटेनाजवळच बसवावा. केबलच्या खालच्या टोकास बसविलेला प्रवर्धक संकेताबरोबर गोंगाटही वाढवितो. वाटेत गमावलेली स्पष्टता त्यामुळे परत मिळत नाही.

विद्युत् दाबाचा हिशोब सहसा कोणी करीत नाही. स्वस्त केबलमधील मधली तार संपूर्ण तांब्याची नसून तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची असते. उच्च वारंवारतेचा प्रवाह तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहत असल्याने चित्राच्या संकेतास त्याची बाधा होत नाही. एकदिश प्रवाह मात्र तारेच्या संपूर्ण जाडीतून वाहतो आणि पोलादाचा रोध तांब्याच्या अनेक पट असतो. अशा केबलचा जाण्यायेण्याचा एकत्रित रोध दर मीटरला सुमारे ०.१२ ओहम धरल्यास १०० मीटर केबलचा रोध १२ ओहम होतो. एलएनबी २०० मिलिअँपिअर प्रवाह घेत असल्यास वाटेतच २.४ व्होल्ट खर्ची पडतात. बॉक्समधून निघालेले १८ व्होल्ट वर पोहोचेपर्यंत १५.६ होतात आणि १३ चे १०.६ होतात. १३ व १८ यांतील भेद ओळखण्याची एलएनबीची सीमा १४ ते १५ व्होल्टच्या आसपास असते. एखादी गंजलेली पिन किंवा सैल जोडणी यात भर घालण्यास पुरेशी आहे. त्यानंतर आडव्या ध्रुवणाच्या सर्व वाहिन्या एकदम नाहीशा होतात. लांब अंतरासाठी संपूर्ण तांब्याच्या मधल्या तारेची केबल घेण्याचे कारण हेच आहे.

५. आयर्लंडमधील उदाहरण

ही मांडणी केवळ पुस्तकी नाही. तिचा सर्वसामान्य घरांतील वापर पाहावयाचा असल्यास जेथे दोन्ही मार्ग अद्याप जिवंत आहेत अशा देशाकडे पाहावे लागते. आयर्लंड हे त्याचे उत्तम उदाहरण होय. तेथे २०११ मध्ये साओरव्ह्यू ही अंकीय भूस्थित सेवा औपचारिकपणे सुरू झाली आणि २४ ऑक्टोबर २०१२ रोजी ॲनालॉग प्रक्षेपण बंद झाले. साओरव्ह्यूवर आरटीई व अन्य आयरिश वाहिन्या विनाशुल्क दिसतात. बीबीसी, आयटीव्ही यांसारख्या ब्रिटिश वाहिन्या मात्र २८.२ अंश पूर्व येथील उपग्रहांवरून विनाशुल्क मिळतात. मासिक वर्गणी न भरता दोन्ही हवे असल्यास घरावर अँटेनाही लागतो आणि डिशही लागते.

यासाठी तेथे दोन्ही प्रकारचे ट्यूनर असलेले संयुक्त बॉक्स व संच विकले जातात. त्यांच्या मागे दोन वेगळी तोंडे असतात : एक पिळून बसविण्याचे, डिशसाठी, दुसरे नुसते खोचण्याचे, अँटेनासाठी. जुन्या घरात एकच केबल असल्यास दोन डिप्लेक्सर बसवून ती दोन्ही तोंडांस पुरविली जाते. नव्या भिंती न फोडता दोन देशांच्या वाहिन्या एका संचावर येतात, हा त्याचा व्यावहारिक लाभ आहे.

याच देशाने २०२० मध्ये ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा दूरचित्रवाणीकडून काढून मोबाइल सेवेसाठी मोकळा केला. त्यामुळे भूस्थित दूरचित्रवाणी आता ६९४ मेगाहर्ट्झच्या खाली आली आहे. डिप्लेक्सरच्या दृष्टीने दोन पट्ट्यांतील अंतर वाढले. परंतु त्या रिकाम्या जागेत मोबाइलचे प्रबळ संकेत आले. म्हणून अँटेनाच्या बाजूस मोबाइलचे संकेत अडविणारी अतिरिक्त गाळणी काही ठिकाणी आवश्यक ठरते.

६. दोष आणि त्यांचे निदान

केबलमधील ९५० ते २,१५० मेगाहर्ट्झ हा पट्टा हवेत रिकामा नाही. मोबाइलच्या ९००, १,८०० व २,१०० मेगाहर्ट्झच्या सेवा याच मर्यादेत किंवा तिच्या सीमेवर चालतात. केबलचे जाळीदार आवरण हा पट्टा बाहेरच्या जगापासून वेगळा ठेवते. जोडणीपाशी आवरण तुटले असल्यास किंवा केबल नुसती पिळून जोडली असल्यास बाहेरचे संकेत आत शिरतात. एका केबलच्या मांडणीत जोडण्यांची संख्या वाढत असल्याने प्रत्येक जोडणी काळजीपूर्वक करणे अगत्याचे आहे.

पडद्यावरील लक्षणांवरून दोषाचे स्थान बऱ्याच अंशी ओळखता येते :

१. डिशच्या सर्व वाहिन्या बंद आणि बॉक्सवर लघुपरिपथाची सूचना : डिप्लेक्सर उलटा जोडला आहे, त्याऐवजी स्प्लिटर वापरला आहे, अथवा जाळीचा एखादा तंतू मधल्या तारेस टेकला आहे.

२. केवळ आडव्या ध्रुवणाच्या वाहिन्या बंद : एलएनबीपर्यंत पुरेसा दाब पोहोचत नाही.

३. केवळ वरच्या उपपट्ट्यातील वाहिन्या बंद : २२ किलोहर्ट्झचा स्वर वाटेत अडतो आहे.

४. वारंवारता वाढेल तसे चित्र बिघडणे : केबल निकृष्ट आहे किंवा तिच्यात पाणी शिरले आहे.

५. डिश व्यवस्थित, अँटेनाच्या वाहिन्या मात्र तुटक : अँटेनाचा मूळ संकेत दुर्बल आहे, केबल बदलून उपयोग नाही.

छतावरील डिप्लेक्सर पावसापासून सुरक्षित पेटीत, तोंडे खाली करून बसवावा आणि केबलला भिंतीत शिरण्यापूर्वी खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथूनच ठिबकून जाते. डिश व अँटेना यांच्या खांबांचे भूसंपर्कन करणेही आवश्यक आहे.

७. मांडणीच्या मर्यादा

एलएनबीचे एक तोंड एका वेळी चार भागांपैकी एकच भाग पाठवू शकते. म्हणून एका केबलवर डिशचा एकच ट्यूनर स्वतंत्रपणे चालतो. एक वाहिनी पाहत असताना दुसरी ध्वनिचित्रमुद्रित करावयाची असल्यास किंवा दोन खोल्यांत वेगवेगळ्या वाहिन्या हव्या असल्यास साधा डिप्लेक्सर पुरेसा नाही. मोठ्या इमारतीत यावर मल्टीस्विच हा उपाय आहे. त्यात उपग्रहाचे चारही भाग चार तारांनी आणि अँटेनाचा संकेत पाचव्या तारेने आणून प्रत्येक सदनिकेस एकच केबल दिली जाते. युरोपात २००७ च्या ईएन ५०४९४ या मानकानुसार एका केबलवर ८ पर्यंत आणि नंतरच्या ईएन ५०६०७ नुसार ३२ पर्यंत ट्यूनर चालविण्याची सोय झाली.

दुसरी मर्यादा नव्या तंत्रातून उद्भवली आहे. काही नवीन एलएनबी संपूर्ण केयू पट्टा एकाच वेळी खाली पाठवितात. त्यांतील आंदोलकाची वारंवारता १०.४१ गिगाहर्ट्झ असल्याने केबलमधील संकेत २९० ते २,३४० मेगाहर्ट्झ इतका पसरतो. तो अँटेनाच्या पट्ट्यावर सरळ चढतो आणि मोकळे अंतर उरत नाही. अशा एलएनबीबरोबर डिप्लेक्सर कोणत्याही युक्तीने वापरता येत नाही. दोन पट्ट्यांतील अंतर हे निसर्गाने दिलेले नसून अभियंत्यांच्या पूर्वीच्या निवडीने राखलेले होते, हे यावरून ध्यानात येते.

८. महाराष्ट्रातील स्थिती

मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रसारण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढील तीन दशके गच्चीवरील अँटेना ही घराघराची ओळख होती. खासगी डीटीएच सेवा २००३ मध्ये आणि दूरदर्शनची विनाशुल्क डीटीएच सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. नंतर प्रसार भारतीने ३१ मार्च २०२२ पर्यंत मोक्याची सुमारे ५० ठिकाणे वगळून देशभरातील जुने ॲनालॉग प्रक्षेपक बंद करण्याचे ठरविले. त्यामुळे महाराष्ट्रातील बहुसंख्य घरांत अँटेना व डिश यांचा मूळ संयोग आता क्वचितच आढळतो.

असे असले तरी तत्त्वाची उपयुक्तता संपलेली नाही. केबलमधील ४७ ते ८६२ मेगाहर्ट्झची खालची वाट एफ.एम. रेडिओच्या अँटेनासाठी, केबल टीव्हीच्या जोडणीसाठी किंवा सोसायटीच्या प्रवेशद्वारावरील कॅमेऱ्याचे चित्र एखाद्या वाहिनीवर चढवून घरोघर देण्यासाठी वापरता येते. जुन्या सहनिवासांत प्रत्येक सदनिकेस बहुधा एकच नळी असते. तेथे नव्याने तारा ओढण्याचा खर्च आणि तोडफोड टाळणे हा सभासदांच्या हिताचा विषय आहे. केबलचालकाच्या वाहिनीशी डिशचा संकेत जोडावयाचा असल्यास त्याची संमती घेणे, तसेच त्याच केबलवर इंटरनेट सेवा असल्यास ५ मेगाहर्ट्झपासूनचा परतीचा मार्ग मोकळा ठेवणारा डिप्लेक्सर निवडणे आवश्यक ठरते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, एकाच समाक्ष केबलमधून डिश व अँटेना यांचे संकेत आणणे शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष आणि व्यवहारात सोपे आहे. त्यासाठी दोन्ही टोकांस डिप्लेक्सर, चांगल्या तांब्याची केबल आणि निर्दोष जोडण्या एवढेच पुरते. मात्र योजना आखताना तीन प्रश्नांची उत्तरे आधी मिळाली पाहिजेत : दोन्ही संकेतांचे पट्टे खरोखर वेगळे आहेत काय, विद्युत् प्रवाह योग्य ठिकाणी पोहोचतो आणि अयोग्य ठिकाणी अडतो काय, आणि घरात डिशचे किती ट्यूनर स्वतंत्रपणे चालवावयाचे आहेत. पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर होकारार्थी आणि तिसऱ्याचे उत्तर एक असे असल्यास दुसरी केबल ओढण्याचे कारण उरत नाही. तसे नसल्यास मल्टीस्विच किंवा स्वतंत्र केबल हाच मार्ग स्वीकारणे हिताचे ठरते.